खिडकी बसली

एप्रिल उजाडला की नागपुरात घरोघरी एकच प्रश्न असतो, "कूलर बसवला का?" गच्चीवरच्या खोलीतून पत्र्याची पेटी खाली येते. गेल्या वर्षीच्या कडक झालेल्या ताट्या निघतात, नव्या लागतात. पंप पाणी वर चढवतो की नाही ते बघून होतं. मग दोघेजण ती पेटी उचलून खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर ठेवतात, बाजूच्या फटी पुठ्ठ्याने बुजवतात, आणि मिस्त्री दोन पावलं मागे सरून म्हणतो, "बसला."

महालातल्या आमच्या घरी यंदा हा शब्द एकाच दुपारी दोन ठिकाणी चालू होता. मिस्त्री कूलर बसवत होता आणि त्याच खोलीत माझी भाची डेस्कटॉपवर पायथनची एक अवजारपेटी बसवत होती. बारावीची परीक्षा आटोपली होती. आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, तोंडचे शब्द गोळा करायचे तिने ठरवलं होतं. सांबार म्हणजे कोथिंबीर, सराटा म्हणजे उलथनं, वावर म्हणजे शेत, भेद्रं म्हणजे टोमॅटो, गंज म्हणजे पातेलं. त्यासाठी तिला संगणकावर एक लहानशी खिडकी हवी होती. तिच्यात शब्दाला एक रकाना, अर्थाला दुसरा आणि खाली बटणं. पहिल्याच ओळीवर यंत्राने कळवलं की 'टीकिंटर' नावाचं मॉड्यूल सापडत नाही. ती म्हणाली, "मामा, हे काऊन नाही बसून राहिलं?"

टीकिंटर म्हणजे 'टीके' आणि 'इंटरफेस' यांचा जोडशब्द. जॉन ऑस्टरहाउट यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत १९८८ च्या सुमारास 'टिकल' नावाची संगणकभाषा रचली. तिच्यासाठी खिडक्या, बटणं, रकाने तयार करणारी जी पेटी त्यांनी पुढे केली ती 'टीके', म्हणजे टूलकिट. पायथनला त्या पेटीशी जोडणारा दुवा तो टीकिंटर. जोड करताना 'इंटरफेस'मधला 'फेस' गळून गेला. विंडोजवर पायथन घेतलं की टीकिंटर बहुधा सोबतच येतं. उबुंटूसारख्या लिनक्सवर ते वेगळं मागवावं लागतं, आणि आमच्या डेस्कटॉपवर उबुंटू होतं. एका ओळीचा हुकूम दिला की काम होतं. त्या हुकुमातला मधला शब्द 'इन्स्टॉल'. भाची तो हुकूम इंग्रजीत लिहीत होती, पण बोलताना तिच्या तोंडी 'बसवणं'च होतं.

हा शब्द तिला कुणी शिकवलेला नाही. आपण नळ बसवतो, पंखा बसवतो, अंगठीत खडा बसवतो. भाद्रपदात गणपती बसतात, आश्विनात घट बसतात. नाटक बसवतात, गाण्याची चाल बसवतात. संसाराची घडी बसते, धंद्याचा जम बसतो. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. वस्तू नुसती ठेवून बसत नाही. तिला तिची जागा मिळावी लागते आणि शेजारच्यांशी तिचं जुळावं लागतं. पात्रांना आपापली वाक्यं पाठ झाली म्हणजे नाटक बसलं असं कुणी म्हणत नाही. एकाच्या वाक्याला दुसऱ्याची हालचाल लागली की मग ते बसतं. संगणकावरच्या सामानाचंही असंच आहे. एक पुडकं दुसऱ्या दहांच्या आधारावर उभं असतं. त्यांतलं एक कमी पडलं तर सगळा खेळ अडतो.

'इन्स्टॉल'च्या पोटातही हेच चित्र आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये धर्मगुरूला पद देताना चर्चमधल्या त्याच्या ठरलेल्या आसनावर, म्हणजे 'स्टॉल'वर, नेऊन बसवत. त्या विधीला 'इन्स्टालारे' म्हणत. पुस्तकांचा स्टॉल, खाण्याचा स्टॉल म्हणताना आपण उच्चारतो तो हाच शब्द. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता नव्या वस्तूला बसायला आसन दिलं. संगणकाच्या मराठी भाषांतरांत मात्र 'प्रतिष्ठापित करा' असा शब्द भेटतो. त्यात 'स्था' धातू आहे, म्हणजे उभं राहणं. तो चुकीचा नाही. पण 'बसणे'च्या मुळाशी जे आहे ते मला जास्त जवळचं वाटतं. संस्कृतातलं 'उपविशति' प्राकृतातून घासत आलं, जुन्या मराठीत 'बैसणे' झालं आणि आज 'बसणे' आहे. त्यातला धातू 'विश्', म्हणजे आत शिरणे. 'प्रवेश' याच धातूचा. म्हणजे एखादी वस्तू बसली असं आपण म्हणतो तेव्हा ती आत आली, घरातली झाली, हेही त्या शब्दात कुठेतरी शिल्लक असतं.

टीकिंटर बसलं. त्याची चाचणी घ्यायला एक तयार खिडकी त्याच्यासोबत येते. तीत टीकेच्या आवृत्तीचा आकडा असतो आणि दोन बटणं असतात. पहिलं बटण दाबलं की त्याच्यावरच्या मजकुराभोवती एक कंस चढतो, पुन्हा दाबलं की आणखी एक. भाचीने ते आठ-दहा वेळा दाबलं. तिने केलेल्या कृतीला पडद्याने पहिल्यांदाच उत्तर दिलं होतं.

ही जी 'विंडो' उघडली तिचा जन्म उत्तर युरोपातला. जुन्या नॉर्स भाषेत 'विंड' म्हणजे वारा आणि 'आउगा' म्हणजे डोळा. 'विंडआउगा' म्हणजे वाऱ्याचा डोळा, भिंतीतलं किंवा छपरातलं उघडं भोक. संस्कृतात दोन शब्द आहेत. 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट, आणि 'गवाक्ष' म्हणजे गाईच्या डोळ्यासारखं गोल छिद्र. एकात वारा आहे, एकात डोळा. नॉर्स शब्दाने दोन्ही एकत्र धरले. फारसीने तिसरीच गोष्ट पाहिली, उजेड. 'ताब' म्हणजे प्रकाश, 'दान' म्हणजे पात्र. त्या 'ताबदान'वरून आपलं तावदान आलं. नागपूरच्या उन्हाळ्यात यांतला कोणता अर्थ खरा ठरतो हे सांगायला नको. उजेडाला पडदा लावून अडवायचं आणि वाऱ्याला कूलरमधून भिजवून आत घ्यायचं, हा आमचा चार महिन्यांचा नेम.

पण खिडकी? तिच्यात वारा नाही, डोळा नाही, उजेडही नाही. प्राकृतात 'खडक्की' म्हणजे लहान दार. बंगालीत आजही 'खिडकी' म्हणजे घराचं मागचं दार. गुजरातीत 'खडकी' म्हणजे काही घरांच्या एकत्र वस्तीत शिरायचं तोंड. आपल्या वाड्यांच्या मोठ्या दरवाजात जी लहान दिंडी असते, तिच्या कुळातला हा शब्द. मराठीत तो दारावरून सरकत भिंतीतल्या झरोक्यावर आला. म्हणजे खिडकीतून आधी माणसं गेली आणि मग वारा.

हे कळलं तेव्हा पडद्यावरच्या खिडकीकडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं. संगणकातल्या खिडकीतून कुणी बाहेरचं आकाश बघत नाही. तिच्यातून आत जायचं असतं, आत काहीतरी करायचं असतं. तिचा स्वभाव दाराचा आहे. इंग्रजीतल्या वाऱ्याच्या डोळ्यापेक्षा प्राकृतातलं लहान दार तिला नेमकं लागू पडतं, आणि ते आपल्या शब्दात आधीपासूनच होतं.

शब्दांवरही मालकी सांगितली जाते. ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये एडिनबर्गला 'डब्ल्यूएक्स-विंडोज' नावाची अशीच एक पेटी सुरू केली. पायथनमधून ती आजही वापरतात. पण 'विंडोज' हे मायक्रोसॉफ्टचं व्यापारचिन्ह असल्याने २००४ मध्ये तिचं नाव 'डब्ल्यूएक्स-विजेट्स' करावं लागलं. आठशे वर्षं जो शब्द कुणाचाच नव्हता, तो एका कारखान्याच्या नावाचा झाला. 'विजेट'ची गोष्ट उलटी. खिडकीतल्या बटणाला, रकान्याला, यादीला, प्रत्येक सुट्या वस्तूला विजेट म्हणतात. १९२४ च्या एका अमेरिकी नाटकात, कॉफमन आणि कॉनेली यांच्या 'बेगर ऑन हॉर्सबॅक'मध्ये, हा शब्द कारखान्यात तयार होणाऱ्या कुठल्याशा मालासाठी आला. ठरावीक अर्थ नव्हता म्हणूनच तो पुढे संगणकवाल्यांना सोयीचा झाला. आपल्याकडे असं काम 'फलाणं' करतं. ते अरबी 'फुलान'वरून आलेलं, नाव न घेता बोट दाखवणारं.

आता भाचीने खिडकीत मराठी लिहिलं, आणि घोटाळा झाला. खिडकीच्या वरच्या पट्टीवर 'खिडकी' हा शब्द नीट दिसत होता. आतल्या रकान्यात मात्र 'ख'चा इकार सरकून 'ड'ला जाऊन टेकला होता. 'भेद्रं'मधला 'द्र' फुटून पायमोडका 'द्' आणि सुटा 'र' झाला होता. वरची पट्टी डेस्कटॉप स्वतः रंगवतो, आतला भाग टीके रंगवतं. एकाला देवनागरी येत होती, दुसऱ्याला येत नव्हती.

याचं कारण आपल्या लिपीत आहे. 'खि' म्हणताना आपण आधी 'ख' उच्चारतो, मग इकार. संगणकही त्याच क्रमाने साठवतो. पण कागदावर ऱ्हस्व इकाराची वेलांटी 'ख'च्या आधी येते. तेव्हा साठवलेला क्रम आणि दाखवायचा क्रम यांच्यामध्ये कुणीतरी जाणता लागतो. शिशाच्या खिळ्यांच्या काळात तो माणूस होता. मराठी छापखान्यात त्याला जुळारी म्हणत. तो खणातून वेलांटीचा खिळा आधी उचले आणि 'ख' नंतर. 'द्र' लागला तर त्याचा वेगळा खिळा कुठल्या खणात आहे हे त्याच्या बोटांना ठाऊक असे. लिनक्सवरच्या टीकेच्या ८.६ आवृत्तीत हा जुळारी नाही. ती अक्षरं आली त्या क्रमाने मांडत जाते. विंडोजवर तेच काम खुद्द विंडोज करतं, म्हणून तिथे हा घोटाळा होत नाही.

आजच्या जुळाऱ्याचं नाव ऐकलं तेव्हा मला फार आनंद झाला. त्याचं नाव 'हर्फबझ'. मूळचे इराणचे बेहदाद इस्फहबोद यांच्या हातून ते घडलं. फारसीत 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे उघडं. 'ओपनटाइप' या अक्षरपद्धतीच्या नावाचं ते फारसी रूप. हर्फ आपल्याला परका नाही. जुन्या मराठीत 'हरफ' म्हणून तो नांदला आहे. दुसरा असाच शब्द 'पँगो', अक्षरं मांडणाऱ्या आणखी एका साहित्याचं नाव. ग्रीक 'पान' म्हणजे सर्व, जपानी 'गो' म्हणजे भाषा. आपली वेलांटी जागेवर यावी म्हणून इराण, ग्रीस आणि जपान यांचे शब्द राबतात.

तेव्हा टीके बाजूला ठेवून आम्ही 'क्यूट'कडे वळलो. नॉर्वेतल्या हावर्ड नॉर्द आणि आयरिक शाम्ब-एंग यांनी ही पेटी रचली, १९९५ मध्ये ती लोकांसमोर आली. तिच्या नावातलं इंग्रजी 'क्यू' हे अक्षर नॉर्द यांच्या पडद्यावरच्या वळणात सुंदर दिसे म्हणून घेतलं, आणि 'टी' टूलकिटचा. अक्षराच्या देखणेपणावरून नाव ठेवलेल्या या पेटीत जुळारी हर्फबझच आहे. पायथनसाठी तिचं 'पायसाइड' नावाचं रूप भाचीने वेगळं आवार आखून त्यात बसवलं. तरी खिडकी उघडेना. यंत्राने सांगितलं की 'एक्ससीबी-कर्सर' नावाचं एक पुडकं कमी आहे. 'कर्सर' म्हणजे लॅटिनमध्ये धावणारा. रोमन काळात निरोप घेऊन पळणाऱ्या माणसाला कर्सर म्हणत. आपल्याकडे तो हरकारा. टपाल पायी जात होतं तेव्हा रानातून घुंगुरकाठी वाजवत जाणारा. आमच्या नाटकात एवढं एकच पात्र आलं नव्हतं. ते आलं, आणि खिडकी उघडली. 'खिडकी' खिडकीसारखी दिसली. 'भेद्रं' अख्खं दिसलं. भाची म्हणाली, "बसलं!"

राहिला प्रश्न बटणांवर काय लिहायचं याचा. आणि हा प्रश्न या शहराला नवा नाही. नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी असताना राज्यकारभार हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांतून करायचं ठरलं. त्याच काळात लाहोरहून आपली संस्था घेऊन डॉ. रघुवीर इथे आले. इंग्रजी पारिभाषिक शब्दांना भारतीय प्रतिशब्द देण्याचं प्रचंड काम त्यांनी या शहरात बसून केलं, आणि १९५५ मध्ये त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश नागपुरातूनच निघाला. त्यांची रीत संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांतून शब्दांची कुटुंबं उभी करायची होती. 'विधि' घेतला की विधान, विधेयक, विधायक, संविधान असा गोतावळा आपोआप ओळखू येतो. कायद्याच्या आणि शास्त्राच्या भाषेला असं कुटुंब लागतं, आणि त्या ऋणातून आपण मोकळे होऊ शकत नाही. पण हाताने करायच्या कामाला हाताचे शब्द लागतात. भाची 'प्रतिष्ठापन' वाचून थबकली असती. 'बसवणं' म्हटल्यावर तिला आपोआप कळलं की काहीतरी नीट टेकलेलं नाही, कुठेतरी फट आहे. शब्दाने तिला दोष शोधायला मदत केली. शिकणाऱ्याच्या हाती द्यायचा शब्द निवडताना मी एवढंच पाहतो, की तो घेऊन तिला पुढचं पाऊल टाकता येतं का.

'बटण' इंग्रजीतून आलं, आणि गोव्याच्या कोकणीत त्याचा पोर्तुगीज चुलतभाऊ 'बुतांव' नांदतो. दोघांचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये, जिथे 'बुतों' म्हणजे कळी. फांदीतून जी बाहेर ढकलली जाते ती. त्या शब्दातच ढकलणं आहे, दाबणं आहे. मराठीत यंत्राची 'कळ' आहे, ती बहुधा 'कला'पासून, कसबापासून आली. फुलाची 'कळी' ही 'कलिका'. रूपं शेजारी, मुळं वेगळी. पण मला सगळ्यात आवडतो तो शब्द 'कळसूत्री'. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत ज्या बाहुल्या नाचवतात त्या कळसूत्री बाहुल्या. इथे कळ ओढायची, तिथे बाहुलीचा हात हलणार, मध्ये सूत्र. खिडकीचा कार्यक्रम लिहिणं म्हणजे नेमकं हेच. बटण नुसतं काढून काही होत नाही. ते कुठल्या कामाला बांधलंय ते सांगावं लागतं. भाचीला 'कळसूत्र' म्हटल्याबरोबर समजलं.

दुसऱ्या बटणावर 'रद्द' आलं. अरबी 'रद्द' म्हणजे परत फिरवणं, नाकारणं. घरातली रद्दी त्याच घरची. इंग्रजी 'कॅन्सल'च्या मागे लॅटिनमधली जाळी आहे, 'कँचेली'. लिहिलेलं खोडताना त्यावर आडव्यातिडव्या रेघा मारत, त्या जाळीसारख्या दिसत. म्हणजे तिथेही पुन्हा खिडकीच.

आणि मुख्य बटणावर 'जतन करा'. 'सेव्ह'ला 'साठवा' असंही म्हणतात, पण साठवण धान्याची असते, पाण्याची असते. जतन माणूस जिवापाड करतो. हा शब्द संस्कृत 'यत्न' पासून आला. 'य'चा 'ज' झाला आणि जोडाक्षर उकललं. यत्नाचा अर्थ कष्ट, धडपड. तो मराठीत सांभाळण्यापर्यंत आला, कारण यत्नाशिवाय काही सांभाळलं जात नाही हे बोलणाऱ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी कूलर सुरू झाला. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला. आई पलंगावर येऊन बसली आणि भाचीने विचारलं, "आजी, पहिला शब्द कोणता टाकू?" आईने खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताटी लिही."

मी क्षणभर थांबलो. कूलरच्या ताट्या आम्ही दरवर्षी बदलतो, पण या शब्दाला किती वर्षं झाली याचा विचार केला नव्हता. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांतली ताटी म्हणजे झोपडीचं दार. रुसून आत बसलेल्या ज्ञानेश्वरांना बहीण ते उघडायला सांगते. पुढे उन्हाळ्यात दारा-खिडक्यांवर वाळ्याच्या ताट्या टांगू लागले, त्यांवर पाणी शिंपडू लागले. आज ती कूलरच्या पत्र्यात जाऊन बसली आहे. तिनेही खिडकीसारखाच दारापासून प्रवास केला आहे.

भाचीने पहिल्या रकान्यात 'ताटी' लिहिलं. दुसऱ्यात आजी सांगेल तसा अर्थ लिहिला, आधी दाराचा, मग वाळ्याचा, मग कूलरचा. वेलांट्या आपापल्या जागी होत्या. मग तिने आजीचा हात धरून माउसवर ठेवला, आणि 'जतन करा' ही कळ दोघींनी मिळून दाबली.